चंदू पंडित आणि आमचा कीपर

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मध्यंतरी उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आणि सूनबाईंनी महिनाभर संगणकाला हात लावू दिला नाही. आता नवा चष्मा आला आहे, त्यामुळे तुमची सुटका नाही.

आजचा विषय नातवाने दिला. तो पुण्याला असतो, वय वर्षे अकरा. शाळा सुटल्यावर क्रिकेटच्या वर्गाला जातो. परवा त्याचा फोन आला तोच रडवेल्या आवाजात. "आजोबा, सरांनी मला कीपर केलं!" जणू काही शिक्षाच झाली होती. त्याचे म्हणणे असे की बॅटिंग करणाऱ्याचे नाव होते, बॉलिंग करणाऱ्याचे नाव होते. कीपरचे नाव बॉल सुटला तरच घेतात. पोरगे अकरा वर्षांचे, पण बोलले ते खरे.

आमच्या मंचर-घोडेगाव-नारायणगाव भागात जत्रेच्या टेनिस बॉलच्या स्पर्धा असतात, तिथेही हीच रीत. जो जाडा असेल, पळायला कंटाळत असेल किंवा सगळ्यात धाकटा असेल त्याला स्टंपांमागे उभे करायचे. मी नातवाला म्हटले, "थांब, तुला एका कीपरची गोष्ट सांगतो." आणि त्याला चंद्रकांत पंडितांची गोष्ट सांगितली. सांगता सांगता मला आणखी एका कीपरची आठवण झाली. त्याच्याबद्दल मी आजवर या पानावर काही लिहिलेले नाही. आज दोघांबद्दलही लिहितो.

आधी थोडे या कामाविषयी, कारण आमच्या वाचकांत क्रिकेट न बघणाऱ्या आत्या-मावश्याही आहेत. मराठीत कीपरला यष्टिरक्षक म्हणतात. हे शब्द आमच्या पिढीच्या कानावर रेडिओने घातले. बाळ ज. पंडित आकाशवाणीवरून मराठीत समालोचन करीत आणि आम्ही ट्रान्झिस्टरला कान लावून बसत असू. (या पंडितांचा आणि आजच्या पंडितांचा संबंध नाही, फक्त आडनाव एक.) मैदानात अकरा खेळाडू क्षेत्ररक्षण करतात. त्यातल्या यष्टिरक्षकाला प्रत्येक चेंडूला खाली बसावे लागते आणि उठावे लागते. कसोटी सामन्यात दिवसाला ९० षटके धरली तर झाले ५४० चेंडू, म्हणजे ५४० उठाबशा! त्यातले निम्मे चेंडू त्याच्यापर्यंत येतच नाहीत. पण प्रत्येक चेंडू आपल्याकडेच येणार असे समजून बसायचे. बसला नाही आणि नेमका तोच चेंडू आला, तर चार धावा गेल्या. त्याला 'बाय' म्हणतात आणि धावफलकात त्या वेगळ्या लिहितात, म्हणजे सगळ्यांना कळते.

दुसरी गोष्ट अशी की बाकीचे क्षेत्ररक्षक फलंदाजाकडे तोंड करून उभे असतात. समोर गोलंदाज आणि त्याच्या मागे सगळे मैदान एका नजरेत दिसते ते यष्टिरक्षकाला. फलंदाजाचा पाय कुठे पडतो, गोलंदाजाचे मनगट कसे वळते, कोणता क्षेत्ररक्षक दोन पावले चुकीच्या जागी उभा आहे, हे त्याला तिथून कळते. वर्गात फळ्यापाशी उभ्या राहिलेल्या मास्तरालाही सगळा वर्ग असाच दिसतो. निदान दिसायला हवा. यावर पुढे येतोच.

चंद्रकांत पंडितांचा जन्म ३० सप्टेंबर १९६१ चा, मुंबईचा. दादरच्या शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सरांच्या हाताखाली तयार झालेल्या मुलांपैकी ते एक. सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांच्या आधीच्या पिढीतले. १९७९-८० च्या हंगामात ते मुंबईकडून रणजी खेळू लागले. रणजी करंडक म्हणजे आपल्या देशातल्या राज्यांची (आणि मुंबई, विदर्भ, बडोदा अशा जुन्या संघांची) मोठी स्पर्धा. पुढे ते आसाम आणि मध्य प्रदेशाकडूनही खेळले. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत त्यांच्या आठ हजारांवर धावा आणि बावीस शतके आहेत. यष्टिरक्षण करून एवढ्या धावा करणारी माणसे त्या काळी फार नव्हती.

पण भारताच्या संघात त्यांना जागा मिळाली ती अपुरी. त्या वर्षांत बडोद्याचे किरण मोरे हे भारताचे यष्टिरक्षक होते आणि ते उत्तमच होते. यष्टिरक्षकाची पंचाईत अशी की संघात त्याची जागा एकच. फलंदाज सहा लागतात, गोलंदाज चार लागतात, यष्टिरक्षक एकच. दुसरा कितीही चांगला असला तरी तंबूत बसतो. जून १९८६ मध्ये इंग्लंडमध्ये लीड्सला पंडितांनी पहिली कसोटी खेळली ती नुसता फलंदाज म्हणून. स्टंपांमागे मोरेच. ती कसोटी आपण जिंकली. १९८७ च्या विश्वचषकात ५ नोव्हेंबरला वानखेडेवर इंग्लंडशी उपांत्य सामना होता. ऐन वेळी दिलीप वेंगसरकरांचे पोट बिघडले आणि पंडित खेळले. त्यांनी २४ धावा केल्या. ग्रॅहम गूचने स्वीप मारमारून शतक ठोकले आणि आपण ३५ धावांनी हरलो. दिवाळीची सुटी होती. शेजाऱ्यांच्या टीव्हीसमोर बसलेली तीसेक माणसे एक शब्द न बोलता घरी गेली, ते अजून डोळ्यांसमोर आहे. पुढे १९९१-९२ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात पंडितांना कसोटीत यष्टिरक्षणाची संधी मिळाली. सगळे मिळून पाच कसोट्या आणि छत्तीस एकदिवसीय सामने. १९९२ मध्ये ते संपले.

आता मध्येच माझी गोष्ट. सप्टेंबर १९८६. मद्रासला भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी चालू होती. ही तीच प्रसिद्ध 'टाय' झालेली कसोटी, म्हणजे दोन्ही संघांच्या धावा अगदी सारख्या झाल्या. कसोटीच्या इतिहासात असे दोनदाच घडले आहे. तीतही पंडित फलंदाज म्हणून खेळत होते. ३५ आणि ३९ अशा मोलाच्या धावा त्यांनी केल्या.

मी तेव्हा आंबेगाव तालुक्यातल्या एका हायस्कुलात मराठी आणि इतिहास शिकवत होतो. खेळाच्या शिक्षकांची जागा रिकामी होती आणि 'तुम्हाला क्रिकेटचं वेड आहे, तुम्हीच बघा' म्हणून संघ माझ्या गळ्यात पडला. आमच्याकडे काथ्याची एक मॅट, दोन बॅटी आणि ग्लोव्हजची एकच जोडी होती. त्या ग्लोव्हजची उजव्या अंगठ्याची शिवण उसवलेली. ते ग्लोव्हज घालणारा मुलगा दहावीत होता, सातगाव पठारावरून यायचा. अंगाने बारीक, बोलायला त्याहून बारीक. पण हात! मी चाळीस वर्षे मुले बघितली, तसे हात पुन्हा बघितले नाहीत. चेंडू हातात आला की आवाजच व्हायचा नाही.

आणि मी कसा होतो, तर शिस्तीचा. शाळेत माझ्या नावाचा दरारा होता आणि मला त्याचा अभिमान होता, हे लपवण्यात अर्थ नाही. माझा नियम होता, सरावाला पाच मिनिटे उशीर झाला तर त्या दिवशी मैदानाबाहेर. तो मुलगा त्या महिन्यात दोनदा उशिरा आला होता. दोन्ही वेळा मी त्याला बाहेर बसवले. शनिवारी शेजारच्या गावाच्या शाळेशी सामना होता. नाणेफेक दहा वाजता. हा सव्वादहाला धापा टाकीत आला. पायाला गुडघ्यापर्यंत माती. मी सगळ्या मुलांसमोर म्हणालो, "आत्ता आलास? जा घरी. खेळ म्हणजे काही तुझ्या बापाचं वावर नाही." तो काही बोलला नाही. खाली मान घालून गेला.

दुसऱ्या एका मुलाला ग्लोव्हज दिले. आम्ही आठ धावांनी हरलो.

तो मुलगा पुन्हा सरावाला आला नाही. मीही बोलावले नाही. मार्चमध्ये दहावीची परीक्षा झाली आणि तो शाळेतून गेला. पुढे कॉलेजात नाव घातले नाही एवढे कानावर आले. मी मनाला सांगितले की शिस्त म्हणजे शिस्त. असो.

पुन्हा पंडितांकडे. मुंबई सोडल्यावर शेवटची वर्षे ते मध्य प्रदेशाकडून खेळले आणि कर्णधार झाले. १९९८-९९ च्या हंगामात त्यांचा संघ रणजीच्या अंतिम सामन्यात पोहोचला. सामना बेंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर, कर्नाटकाविरुद्ध. मध्य प्रदेशाने पहिल्या डावात ७५ धावांची आघाडी घेतली. रणजीच्या अंतिम सामन्याचा नियम असा की सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात जो पुढे, तो विजेता. म्हणजे शेवटच्या दिवशी यांना जिंकायचेही नव्हते, फक्त संध्याकाळपर्यंत टिकायचे होते. तेवढेच झाले नाही. विजय भारद्वाजच्या फिरकीपुढे फलंदाज एकामागून एक गेले आणि कर्नाटक ९६ धावांनी जिंकले. हातात आलेला करंडक कर्णधाराच्या डोळ्यांदेखत निसटला. थोड्याच काळात ते खेळातून निवृत्त झाले.

इथे बहुतेकांची गोष्ट संपते. बँकेत किंवा कंपनीत नोकरी, वर्तमानपत्रात कधीतरी एखादा स्तंभ, वर्षातून एक सत्कार. पंडितांची गोष्ट इथून सुरू झाली.

प्रशिक्षक म्हणून त्यांनी मुंबईला २००२-०३ आणि २००३-०४ असे लागोपाठ दोनदा रणजी विजेते केले. मग वेगवेगळ्या राज्यांत काम करून २०१५-१६ मध्ये पुन्हा मुंबई. त्या वर्षीचा अंतिम सामना फेब्रुवारी २०१६ मध्ये आपल्या गहुंजेच्या मैदानावर होता, सौराष्ट्राविरुद्ध. धाकटा मुलगा म्हणाला, "बाबा, चला." दुसऱ्या दिवशी पहाटे मंचरहून निघून आम्ही गेलो. प्रेक्षक मोजकेच. श्रेयस अय्यरचे शतक बघितले. त्या हंगामात त्याने १३२१ धावा केल्या होत्या. मुंबईचा कर्णधार आदित्य तरे, तोही यष्टिरक्षक. मुंबई एक डाव आणि २१ धावांनी जिंकली, तिसऱ्याच दिवशी. सामना चालू असताना मी मधून मधून मुंबईच्या तंबूकडे बघत होतो. पंडित आमच्यापासून लांब होते, चेहरा दिसत नव्हता. पण लहान हालचालींवरून कळत होते की हा माणूस अजून प्रत्येक चेंडूला मनातल्या मनात बसतो-उठतो आहे.

पुढच्याच वर्षी मुंबई अंतिम सामन्यात गुजरातकडून हरली आणि पंडितांना मुंबई सोडावी लागली. गंमत बघा, त्यांच्या जागी आलेले समीर दिघे यष्टिरक्षक आणि त्यांच्यानंतरचे विनायक सामंतही यष्टिरक्षकच!

पंडित गेले नागपूरला. विदर्भाचा संघ सहा दशके रणजी खेळत होता, पण विजेतेपद सोडा, अंतिम सामनाही त्यांनी बघितला नव्हता. २०१७-१८ च्या हंगामात कोलकात्याला कर्नाटकाविरुद्धचा उपांत्य सामना विदर्भाने पाच धावांनी जिंकला. पाच! रजनीश गुरबानीने दुसऱ्या डावात सात बळी घेतले. मग इंदूरला दिल्लीविरुद्ध अंतिम सामना. गुरबानीची हॅटट्रिक झाली आणि अक्षय वाडकर नावाच्या तरुण यष्टिरक्षकाने १३३ धावा काढल्या. १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भ नऊ गडी राखून पहिल्यांदा रणजी विजेता झाला. पुढच्या वर्षी नागपुरात सौराष्ट्राला हरवून दुसऱ्यांदा. पहिल्या वर्षी लोक म्हणाले नशीब. दुसऱ्या वर्षी कुणी म्हणाले नाही. त्याच वाडकरने पुढे कर्णधार म्हणून २०२४-२५ चा रणजी करंडक विदर्भाला मिळवून दिला. तेव्हा पंडित तिथे नव्हते. मास्तर गेल्यावरही वर्ग चांगला चालला, तर ते शिकवणे खरे.

मग मध्य प्रदेशाने बोलावले. जून २०२२. अंतिम सामना पुन्हा बेंगळुरूला, त्याच चिन्नास्वामी मैदानावर. समोर मुंबई, म्हणजे ज्या संघाने त्यांना घडवले तोच. मुंबईचे प्रशिक्षक अमोल मुझुमदार, तेही आचरेकर सरांचेच विद्यार्थी, पण भारताकडून कधी न खेळलेले. (याच मुझुमदारांच्या मार्गदर्शनाखाली आपल्या मुलींनी नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईत विश्वचषक जिंकला.) मुंबईच्या ३७४ ला मध्य प्रदेशाने ५३६ धावांनी उत्तर दिले. यश दुबे, शुभम शर्मा आणि रजत पाटीदार या तिघांची शतके. पुन्हा पहिल्या डावाची आघाडी हातात, पुन्हा शेवटचा दिवस. या वेळी काही निसटले नाही. सहा गडी राखून विजय, मध्य प्रदेशाचा पहिला रणजी करंडक. मी तो शेवटचा दिवस टीव्हीवर बघितला. एकसष्टीला आलेला तो कडक माणूस मैदानात येऊन रडत होता आणि पोरांनी त्याला खांद्यावर घेतले. तेवीस वर्षे जुनी ती हार होती. मलाही आवरले नाही, सौ.ला सांगितले की डोळ्याला पंख्याचे वारे लागले.

प्रशिक्षक म्हणून हा त्यांचा सहावा रणजी करंडक.

त्यानंतर वर्तमानपत्रांत त्यांच्या शिस्तीच्या गोष्टी छापून आल्या. त्यातली एक अशी. मध्य प्रदेशाचा कर्णधार आदित्य श्रीवास्तव याचे लग्न ठरले. तो रजा मागायला गेला. पंडितांनी लग्नासाठी दोन दिवस दिले. दोन! ही बातमी मी घरात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली. म्हटले, "बघा! शिस्त म्हणजे काय ते बघा. मी पोरांना पाच मिनिटांवरून बाहेर काढायचो तेव्हा सगळे मला नावं ठेवायचे."

सौ. भाजी निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "अहो, पण तो मुलगा त्यांच्याकडे रजा मागायला गेला तरी. तुमच्याकडे कुठलं पोर काही मागायला येत होतं?"

मी पेपर घडी घालून ठेवला.

मंडळी, त्या एका वाक्याने मला पुष्कळ दिवस झोप दिली नाही. मला तो मातीने भरलेला मुलगा आठवू लागला. त्याला उशीर का झाला हे मी त्या दिवशी विचारले नव्हते. त्याआधी दोनदा बाहेर बसवले तेव्हाही नाही. ज्या जागेवरून सगळे मैदान दिसते त्या जागेवर मी उभा होतो, आणि मला फक्त घड्याळ दिसत होते.

कडकपणा प्रत्येक ठिकाणी चालतो असेही नाही, हे पंडितांच्या पुढच्या वर्षांत दिसले. ते आयपीएलमध्ये कोलकात्याच्या संघाचे प्रशिक्षक झाले. त्या संघातल्या डेव्हिड विसा या परदेशी खेळाडूने नंतर उघडपणे सांगितले की जगभर खेळून आलेल्या खेळाडूंना, काय घालावे आणि काय करावे हे सांगणारी ती शिस्त जड गेली. पहिल्या वर्षी संघ सातवा आला. दुसऱ्या वर्षी, २०२४ मध्ये, तोच संघ विजेता झाला; श्रेय बरेचसे गौतम गंभीरला दिले गेले. २०२५ मध्ये आठवा आला आणि जुलैमध्ये पंडितांनी तो संघ सोडला. दोन महिने एकत्र येणारे, गाठीला पैसा आणि नाव असलेले खेळाडू वेगळे आणि वर्षभर एका छताखाली राबणारी इंदूर-नागपूरची पोरे वेगळी. त्या पोरांना कळत होते की हा माणूस आपल्यावर रागावतो, पण आपल्याबरोबर उन्हात उभा आहे. आपल्याकडून तो जे मागतो ते त्याला स्वतःला मिळाले नाही म्हणून मागतो आहे. शिस्त तीच, पण तिच्यामागे माणूस उभा आहे का एवढाच फरक.

आता शेवटचे. गेल्या माघात पठारावरच्या एका गावच्या जत्रेत टेनिस बॉलच्या स्पर्धेचे बक्षीस वाटायला मला बोलावले होते. (निवृत्त शिक्षक हा फुकटात मिळणारा पाहुणा.) मैदानाच्या कडेला सात-आठ पोरे ओळीने बसली होती आणि पन्नाशी ओलांडलेला एक माणूस त्यांच्याकडे काहीतरी फेकत होता. जवळ जाऊन बघितले तर बारीक बटाटे! पोरे ते दोन्ही हातांत झेलून बाजूच्या पाटीत टाकत होती. एकही आवाज नाही. त्या हातांवरून मी ओळखले.

त्याने वाकून नमस्कार केला. म्हणाला, "सर, चेंडू महाग पडत्यात. आन् बटाटा फुटला तर कळतं, हात कडक ठेवला म्हणून." मंचरच्या बाजारात त्याचा बटाट्याचा व्यापार आहे. रविवारी सकाळी गावातल्या पोरांना शिकवतो. त्यातली एक पोरगी तालुक्याच्या संघात कीपर म्हणून खेळली, हे त्याने फार कौतुकाने सांगितले.

चहा घेताना मी धीर करून विचारले, "त्या शनिवारी तुला उशीर का झाला होता रे?"

तो हसला. "सर, आमच्या वावरात सावड होती. बटाटं काढायचं होतं. मागं दोनदा आम्ही सावडीला दुसऱ्यांकडं गेलेलो, तेव्हाबी उशीर झालेला. त्या दिवशी लोकं आमच्याकडं आलेली, तर मी कसा निघणार? पहाटं चारपासून काढलं, आन् नऊला वडलांनी सोडलं. पेठेपर्यंत पळतच आलो."

(शहरातल्या वाचकांसाठी सांगतो, सावड म्हणजे एकमेकांच्या शेतात आळीपाळीने राबणे. आज ते आमच्याकडे, उद्या आम्ही त्यांच्याकडे. त्यात पैसा नसतो, शब्द असतो. तो मोडला की पुढच्या वर्षी कुणी येत नाही.)

म्हणजे ज्याला मी बेशिस्त म्हणून घालवले तो माझ्यापेक्षा मोठी शिस्त पाळून आला होता. मी म्हणालो, "मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही विचारलं न्हाई, सर." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. मग थोडे थांबून म्हणाला, "मी घरी गेलोच न्हवतो. शाळेमागं चिंचंखाली बसून मॅच बघितली. एकोणीस बाय गेल्या."

मला तो आकडा माहीत होता. त्या दिवशी धावांची वही मीच लिहीत होतो. एकोणीस बाय, आणि आम्ही आठ धावांनी हरलो. पण मला लागले ते हरणे नव्हे. पोराला घालवून दिले तरी चिंचेखाली बसून ते प्रत्येक चेंडूला उठत-बसत होते, हे लागले.

मी त्याला म्हणालो, "चुकलं माझं." शिक्षकाच्या तोंडून हे वाक्य सहज निघत नाही. मला त्याला अडतीस-एकोणचाळीस वर्षे लागली. तो गडबडून गेला, "असं काय, सर," म्हणाला आणि पोरांकडे वळला. तेवढ्यात एक मुलगा सायकल टाकून पळत आला. स्पष्ट उशीर झाला होता. हा त्याला म्हणाला, "काय रे, कुठं होतास?" पोराने काहीतरी कारण सांगितले. याने ऐकून घेतले. मग म्हणाला, "बरं. चल, दोन चकरा मार आन् बस ओळीत." चकरा माफ केल्या नाहीत, हे मी नीट बघितले. पण आधी विचारले.

घरी आल्यावर हे सगळे लिहावे असे फार वाटले, धीर झाला नाही. परवा नातवाचा फोन आला म्हणून लिहून झाले. त्याला मी एवढेच सांगितले की प्रत्येक चेंडूला बस, येवो न येवो. त्यावर तो म्हणाला, "आणि आजोबा, पाय दुखले तर?" म्हटले, "तर सरांना सांग. आणि त्यांनी ऐकलं नाही, तर मला सांग."

ज्या जुन्या विद्यार्थ्यांना हा लेख दिसेल आणि ज्यांना मी कधी असेच न विचारता बाहेर काढले असेल, त्यांनी फोन करावा. नंबर तोच आहे. आता ऐकायला भरपूर वेळ आहे.

कळावे, लोभ असावा.